कल्याणच्या पुढची मंडळी

इसवी सन 550 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कोसमास नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या माहितीतल्या जगाचे वर्णन लिहून ठेवले. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे सांगता सांगता तो ‘कल्लियाना’पाशी येतो. इथून तांबे-पितळ, शिसवीचे लाकूड आणि कापड बाहेर जाते असे तो सांगतो, आणि आणखी एक गोष्ट नोंदवतो. इथे ख्रिस्ती लोकांचा एक बिशप आहे, त्याची नेमणूक पर्शियातून होते. हे कल्लियाना म्हणजे उल्हास नदीकाठचे कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज ज्या स्टेशनातून कर्जतकडची लोकल सुटते आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर घेत पुढे जाते, त्या परिसरात साडेचौदाशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती उपासना होत होती.

कोसमासने बिशपची नोंद केली, मंडळीची केली नाही. पण बिशप काही ओस घरात राहत नसतो. उपासनेची जागा झाडणारे, दिव्यात तेल घालणारे, भाकर भाजून आणणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे कुणीतरी असणारच. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

या परिसरातल्या ख्रिस्ती मंडळीची पहिली खरी झलक मिळते ती जवळजवळ आठशे वर्षांनी, आणि तीही एका घरगुती भांडणामुळे. 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरले आणि एका नेस्तोरियन, म्हणजे पर्शियाकडच्या चर्चच्या, ख्रिस्ती माणसाच्या घरी राहिले. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले आणि बाई तक्रार घेऊन काझीकडे गेली. साक्षीला कोण, असे विचारल्यावर तिने घरी उतरलेल्या साधूंची नावे सांगितली. तिथून प्रकरण वाढत गेले आणि चौघांचाही ठाण्यात वध झाला. काही वर्षांनी ओदोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी गोळा करायला आला आणि त्याने ही सगळी हकिकत लिहिली. तिच्यात एक बारीकसा तपशील आहे: ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती.

पंधरा घरे म्हणजे आजच्या एखाद्या इमारतीतले पाच मजले. एवढ्याशा वस्तीने परक्या मुलखात आपली उपासना टिकवली आणि दूरदेशीचे पाहुणे घरात ठेवून घेतले. साधूंची नावे जगभरच्या ग्रंथांत गेली. ज्या बाईच्या घरी ते उतरले होते तिचे नाव ओदोरिकने लिहिलेले नाही. मार खाऊन न्याय मागायला गेलेली ती बाई म्हणजे उल्हास खोऱ्याच्या परिसरातली, चेहरा दिसावा इतकी जवळ आलेली पहिली ख्रिस्ती बाई.

*

ख्रिस्ती उपासनेच्या जागेला मराठी मुलखात तीन-चार नावे आहेत. वसईचे कॅथलिक जुन्या सवयीने ‘देऊळ’ म्हणतात. गोव्यात पोर्तुगीजांकडून आलेला ‘इगर्ज’ हा शब्द रुळला. शहरात सरसकट ‘चर्च’ म्हणतात. पण नगर, जालना, सोलापूर, नाशिक या भागातल्या प्रोटेस्टंट माणसाच्या तोंडी त्याहून वेगळाच शब्द असतो. तो म्हणतो, “आमची मंडळी सत्तर घरांची आहे.” किंवा, “मंडळीने पाळकांना बोलावलंय.” बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये ‘एक्लेसिया’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ इमारत नव्हे, बोलावलेल्या लोकांची सभा. त्यासाठी मराठी भाषांतरकारांनी रोजच्या बोलण्यातला शब्द उचलला. भजनी मंडळी, नाटक मंडळी, घरची मंडळी यांच्याच रांगेत ख्रिस्ती मंडळी येऊन बसली.

ही निवड फार नेमकी होती. देवळात माणूस दर्शनाला जाऊन परत येऊ शकतो. मंडळीत नुसते जाऊन येता येत नाही, मंडळीत असावे लागते. भजनी मंडळीत एक जण मृदंग वाजवतो, एक पेटी धरतो, चौघे टाळ घेतात आणि उरलेले ध्रुवपद उचलतात. त्यातले दोघे आले नाहीत की लगेच कळते.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास बहुधा 12 फेब्रुवारी 1813 पासून सांगतात. त्या दिवशी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. 1826 मध्ये त्यांच्या मिशनने मराठी नवा करार छापला आणि त्याच वर्षी नाशिकच्या फेरीवरून परतताना हॉल वाटेत पटकीने गेला. 1831 च्या अखेरीस मिशनचे काम नगरला सुरू झाले. 1833 मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्या पहिल्या सभासदांत गरीबखान्यात आश्रयाला आलेली माणसे होती. त्यांची देखरेख करणारा बाबाजी हा मूळचा ब्राह्मण होता आणि त्याच वर्षी तोही वारला. इतक्या तुटपुंज्या माणसांवर उभा राहिलेला हा डोलारा पडला कसा नाही, असा प्रश्न साहजिक आहे.

तो पडला नाही याचे एक कारण 1854 मध्ये सापडते. त्या वर्षी अमेरिकन मिशनचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. त्यांचे म्हणणे साधे होते. मंडळीने आपला कारभार आपण चालवावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसारही आपणच करावा. मिशनरी हा पाहुणा आहे, तो जाणार आहे. त्याच वर्षी नगरच्या दोन मंडळ्यांवर दोन मराठी पाळक नेमले गेले: हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक. साहेबाच्या हाताखालचा मदतनीस आणि मंडळीचा पाळक यांत मोठे अंतर असते. मदतनीसाचा पगार परदेशातून येतो. पाळकाला मंडळी सांभाळते, आणि म्हणून ती त्याला प्रश्नही विचारू शकते.

हे बोलायला सोपे होते. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत पुढच्या काळात बहुसंख्य आले ते महार आणि मांग समाजांतले लोक. गावकीची कामे करून मिळेल त्यावर जगणारी ही माणसे. ती पाळकाला पगार देणार कशातून? रोख पैसा घरात नसतोच. घरात असते ती सुगीच्या दिवसांतली ज्वारी, कोंबडीने घातलेली अंडी, परड्यातला भोपळा. गरीब मंडळ्यांतले दान याच रूपात आले, आणि ते केवळ मराठी मुलखातले नाही. दूर मिझोराममध्ये 1910 पासून बायका प्रत्येक जेवणाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढतात आणि आठवड्याचा तो साठा चर्चला देतात. घरात कितीही चणचण असली तरी एक मूठ बाजूला काढणे जमते. त्या मुठीने मिझोराममध्ये शाळा आणि पाळक पोसले.

मूठ देणारी बाई मंडळीची आश्रित राहत नाही, हा हिशेब बाहेरून पाहणाऱ्याला कधीकधी समजत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिला गावाच्या पाणवठ्याला हात लावू दिला नाही, तिच्या हातचे धान्य मंडळीने मोजून घेतले आणि वहीत लिहिले. तिचा मुलगा मंडळीच्या पंचांत बसला. प्रभुभोजनाच्या एकाच पेल्याला हरिपंतांच्या घरच्यांनी आणि तिने तोंड लावले. नगरच्या मंडळ्यांतही जातीची आठवण लगेच पुसली गेली नाही, लग्ने जमवताना ती पुन्हा पुन्हा वर आली. तरी आठवड्यातून एक दिवस एका सतरंजीवर बसायची सवय लागली ती इथे.

*

सगळ्यात मोठी अडचण गाण्याची होती. मिशनऱ्यांनी आपल्याकडची स्तोत्रे मराठीत आणली, पण चाली तिकडच्याच ठेवल्या. जात्यावर ओव्या म्हणत वाढलेल्या बाईला त्या चाली ओठांवर घेता येईनात. मग उपासनेत गाणार कोण? मिशनरी, त्याची पत्नी आणि बोर्डिंगातली चार मुले. बाकीची मंडळी ऐकणार. ज्या धर्मात उपासनेचा निम्मा भाग गाणे आहे, तिथे गाता न येणारा माणूस निम्मा बाहेरच राहतो.

1860 च्या दशकात नगरकडे यावर तोड निघाली. ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. कृष्णराव सांगळे हे त्यातले मोठे नाव. कल्पना नवी नव्हती, साचा तोच होता: पूर्वरंगात विषय मांडायचा, उत्तररंगात आख्यान लावायचे, मागे साथीदार, हातात चिपळ्या. फक्त आख्यान योसेफाचे किंवा उधळ्या पुत्राचे. पण परिणाम मोठा झाला. प्रवचनात श्रोता गप्प बसतो, कीर्तनात त्याला गप्प बसता येत नाही. कीर्तनकार पद म्हणून थांबला की ध्रुवपद लोकांनीच उचलायचे असते. ते उचलले नाही तर कीर्तन रंगत नाही, आणि दोष कीर्तनकाराचा नसतो. अक्षरओळख नसलेल्या माणसाला शुभवर्तमानाचे प्रसंग तोंडपाठ होण्याचा हा मार्ग होता, आणि तो त्याच्या पणजोबांच्याही ओळखीचा होता.

त्या वाटेवर पुढे नारायण वामन टिळक आले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची बरीच वर्षे ते नगरला राहिले. त्यांनी अभंग, ओव्या, पदे यांच्या रूपात इतकी उपासनागीते लिहिली की मराठी प्रोटेस्टंटांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात आजही सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे. त्यांच्या आधीही मराठी चालींची गीते होती. टिळकांनी मात्र मंडळीला असे काव्य दिले की ते म्हणताना आपण कुणाची नक्कल करतो आहोत असे वाटू नये. 1842 साली नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत केले. त्यांच्या मनात खटकत होते ते एवढेच की मंडळी मिशनच्या तोंडाकडे पाहते. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते गेले.

त्यांच्या मागे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे 64 अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि शेवटचा मुलगा देवदत्त याने. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांनी आकांत केला होता. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या विचाराने. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे त्या साऱ्या महाराष्ट्राच्या झाल्या, पण हे 64 अध्याय फारसे कुणी आठवत नाही. मंडळीत भाग घेणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मराठीत शोधूनही सापडायचे नाही. अपुरे राहिलेले काम समोर दिसले आणि ज्यांना आयुष्यभर अडाणी म्हणून ऐकावे लागले होते, त्यांनी ते खांद्यावर घेतले.

*

नगरपासून उल्हास नदी लांब आहे. त्या दोहोंना जोडले ते रेल्वेने.

1 मे 1854 रोजी गाडी कल्याणपर्यंत आली आणि 12 मे 1856 रोजी बदलापूर, नेरळवरून खोपोलीपर्यंत पोचली. 1863 मध्ये बोरघाट फुटला. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि नगर त्या मार्गावर आले. आता नगरच्या माणसाला मुंबईकडे दोन्ही बाजूंनी वाट मोकळी झाली. मनमाडवरून यावे किंवा पुण्यावरून, शेवटी कल्याण येतेच. रेल्वेबरोबर उपासनाही सरकत गेली. 1871 मध्ये मुंबईला आलेल्या विल्यम टेलर या मेथडिस्टाने अमेरिकेतून पैसा मागवायचाच नाही असे ठरवले आणि घराघरांतून दहा-बारा माणसांच्या साप्ताहिक बैठका सुरू केल्या. त्यांचा पुढारी पाद्री नसे, त्यांच्यातलाच एखादा कारकून किंवा रेल्वेचा नोकरदार असे. बैठकीत प्रत्येकाने आपल्या आठवड्याचा हालहवाल सांगायचा. एखादा आला नाही तर त्याच्या घरी जायचे.

कल्याणच्या पुढे तेव्हा फारसे काही नव्हते. अंबरनाथला शके 982 मध्ये, म्हणजे 1060 साली, बांधलेले शिलाहारांचे शिवमंदिर होते. भोवती भातशेती होती आणि बदलापूर हे नदीकाठचे गाव होते. या पट्ट्याचे रूप पालटले ते विसाव्या शतकात. अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला, पुढे दारूगोळ्याचा कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी मोठी छावणी उठवली गेली, बरॅकींच्या रांगाच्या रांगा. युद्ध संपले, सैनिक गेले आणि फाळणी झाली. सिंधमधून उखडून आलेली लाखाच्या आसपास माणसे या बरॅकींत येऊन राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पत्त्यात मात्र अजूनही कॅम्प नंबर एक ते पाच आहेत.

या भूमीवर मिशनचे जुने आवार नव्हते. नगरला किंवा जालन्याजवळच्या बेथेलला जशी मिशनची जमीन, बंगला, शाळा आणि दवाखाना यांच्याभोवती मंडळी वाढली, तसे इथे झाले नाही. इथे कारखान्याच्या नोकरीसाठी माणसे आली. 1972 च्या दुष्काळात नगर, बीड, जालना भागांतून मिळेल त्या कामासाठी कुटुंबे आली. त्यांतली काही ख्रिस्ती होती. ट्रंकेत कपडे, भांडी आणि ‘उपासना-संगीत’. मंडळीपासून तुटलेला हा माणूस पहिल्या रविवारी काय करणार? तो शेजारी ‘सलाम’ म्हणणारा कुणी आहे का ते शोधणार. नगरकडच्या ख्रिस्त्यांचा हा नमस्कार. दोन घरे भेटली की तिसऱ्याची माहिती निघते. मग एका खोलीत सतरंजी अंथरून प्रार्थना सुरू होते. खोली पुरेनाशी झाली की शाळेचा वर्ग भाड्याने घ्यायचा. जमले तर जागा घ्यायची, आणि मग पाळक बोलवायचा. म्हणजे जुन्या क्रमाच्या नेमके उलट: आधी लोक, शेवटी इमारत. 1854 मध्ये नगरला जी गोष्ट मोठ्या चर्चेनंतर, दौरे आणि ठराव करून साधावी लागली, ती इथे परिस्थितीनेच गळ्यात पडली. कुणी येऊन मंडळी चालवील अशी वाट पाहायची सोयच नव्हती.

कॅथलिकांची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. ठाणे-वसईकडे पोर्तुगीज काळापासून देवळे होती. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, परदेशी पाद्री निघून गेले आणि उपासना चालू ठेवायची जबाबदारी स्थानिक पाद्री आणि गावकऱ्यांवर पडली. तेव्हाही गावांनी ती निभावली. पण मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती. पाद्री वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणे आणि भाविक मागे आपली माळ जपत. 1903 मध्ये पोप दहाव्या पायस यांनी चर्चसंगीतावरच्या आदेशात भाविकांच्या ‘सक्रिय सहभागा’चा उल्लेख केला. साठ वर्षांनी, 4 डिसेंबर 1963 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेच्या सुधारणेचा तोच पाया ठरवला: लोकांनी पूर्णपणे, समजून-उमजून आणि सक्रियपणे भाग घ्यावा. 1964 च्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषद भरली, तिला पोप सहावे पॉल स्वतः आले. त्याच सुमारास लॅटिन हळूहळू मागे सरली. पाद्री लोकांकडे वळला आणि मिस्सा लोकांच्या भाषेत आली. ज्या आजीने आयुष्यभर अर्थ न कळता उत्तरे दिली होती, तिला एका रविवारी कळले की आपण काय म्हणत होतो. तिच्या नातवाला वाचनपीठावर उभे राहून शास्त्रपाठ वाचायला सांगण्यात आले.

1980 च्या दशकात, सायमन पिमेंटा आर्चबिशप असताना, मुंबई महाधर्मप्रांताने याच्याही पुढे जाऊन धर्मग्रामांची विभागणी छोट्या ख्रिस्ती समूहांत केली. एका गल्लीतली किंवा दोन-तीन इमारतींतली वीस-चाळीस घरे मिळून एक समूह. आजारी कोण, नोकरी कुणाची गेली, दहावीच्या फीला कोण अडले, हे पाद्रीला कळण्याआधी समूहाला कळते. अंबरनाथच्या अवर लेडी ऑफ फातिमासारख्या धर्मग्रामात, जिथे कारखान्यांच्या निमित्ताने नाना भाषांचे लोक येऊन राहिले, अशा रचनेची गरज वसईच्या एखाद्या गावापेक्षा कितीतरी जास्त. गावात सगळे एकमेकांचे सोयरे असतात. इथे भिंतीपलीकडचा शेजारीही नवा.

आणि केरळी. कारखान्यांत, इस्पितळांत, कार्यालयांत नोकरीला आलेल्या मल्याळी ख्रिस्त्यांमध्ये सिरो-मलबार परंपरेचे लोक होते. त्यांची उपासनापद्धती पूर्व-सिरियाई, म्हणजे मूळ पर्शियाकडच्या चर्चची. इथे त्यांना लॅटिन पद्धतीच्या धर्मग्रामांत जावे लागे. त्यांनी घरोघरी आपल्या प्रार्थना चालू ठेवल्या, मुलांना आपल्या गीतांचे वळण लावले आणि आपल्या परंपरेची व्यवस्था मिळावी अशी मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. 28 मे 1987 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी भारतातल्या बिशपांना पत्र लिहून या प्रश्नाचा निकाल केला. 30 एप्रिल 1988 रोजी कल्याण हा स्वतंत्र सिरो-मलबार धर्मप्रांत झाला आणि मार पॉल चित्तिलापिल्ली त्याचे पहिले बिशप झाले. 2025 मध्ये तो महाधर्मप्रांतही झाला.

कोसमासने नोंदवलेला बिशप पर्शियन चर्चचा होता. चौदा शतकांनंतर कल्याणला पुन्हा त्याच पूर्व-सिरियाई परंपरेचा बिशप आला. मधल्या काळात सलग धागा नाही. पहिला बिशप पर्शियाच्या नेमणुकीने आला. दुसरा आला तो परिचारिका, फिटर आणि कारकून यांनी आपल्या दोन खोल्यांच्या घरांत उपासना जिवंत ठेवली म्हणून.

*

बदलापूर आता मुंबईत घर परवडत नाही अशांचे शहर झाले आहे. सकाळी सहाची लोकल धरणारा माणूस रात्री नऊला घरी येतो. त्याच्याकडे स्वतःचा म्हणावा असा दिवस रविवार, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. अशा माणसाने सुट्टीच्या दिवशी लवकर उठून शाळेच्या वर्गातली बाके बाजूला सारावीत, पेटी आणि तबला दुसऱ्या मजल्यावर चढवावा, संडे स्कूलच्या पोरांना रांगेत बसवावे, ही मागणी लहान नाही. न आल्यावर जाब विचारणारे कुणी नाही. मोबाइलवर जगातली उत्तमोत्तम प्रवचने आणि गाणी घरबसल्या ऐकता येतात, आणि करोनाच्या दोन वर्षांनी तशी सवयही लावली.

मोबाइलवर होत नाहीत अशी कामे मात्र मंडळीत पुष्कळ असतात. पंचांची निवडणूक असते आणि तिच्यात वादही होतात. मयत झाली की पेटी, दफनाची परवानगी, खड्डा आणि नातेवाइकांचे जेवण, हे सारे काही तासांत उभे करायचे असते. शहर वाढते तशी दफनभूमीसाठी जागा मागावी लागते, आणि तो अर्ज घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्या मंडळीतल्याच कुणाला झिजवाव्या लागतात. नाताळाच्या आधी आठवडाभर तरुण मुले रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरतात, तेव्हा एखाद्या घरी अकरा वाजताही चहा ठेवलेला असतो. लांबच्या नव्या इमारतीत राहायला गेलेल्या एकट्या आजीला उपासनेला आणणारी रिक्षा कुणीतरी ठरवतो आणि भाडे कुणी दिले हे तिला कळू देत नाही.

सुगीच्या उपकारस्तुतीला तर मंडळी पाहावी. या शहरात शेत कुणाचेच नाही. तरी वेदीपुढे ज्वारीची कणसे येतात, गावाहून मागवलेली. बाल्कनीतल्या कुंडीतली कोथिंबीर येते. कुणी अंडी आणतो, कुणी पिशवीभर तांदूळ, कुणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की लिलाव. पंचांतला एखादा दुधी भोपळा उंच धरतो आणि बोली सुरू होते. वीस, पन्नास, शंभर. मागून आवाज येतो, दोनशे. पोरे टाळ्या वाजवतात. पाचशेला दुधी सुटतो. घेणारा पैसे मोजतो, दुधी हातात घेतो, आणि तसाच पुढे जाऊन पुन्हा टेबलावर ठेवतो. बोली पहिल्यापासून सुरू होते. कोपऱ्यात खजिनदार मांडीवर वही घेऊन बसलेली असते. ती शाळेत शिक्षिका आहे, अक्षर वळणदार. ती मान वर न करता लिहिते: दुधी एक, दोनदा विकला.